चार नंबरची वही

"आधी वही दे, मग हात देते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डावा हात चादरीखाली ओढून घेतला.

"काकू, सव्वा वाजला. मशीन कधीचं तयार आहे. आधी सुई, मग वही."

"मशीन काय पळून चाललंय? काल थोरलीला जामीन मिळाला का, एवढं सांग. मग दोन काय, चार सुया टोच."

ताईंना थोरलीबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. त्यांनी चार नंबरच्या खुर्चीशेजारच्या कपाटाचा खण ओढला, निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही काढली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी चादरीतून हात बाहेर काढून असा पुढे केला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. चष्मा लावून त्या वाचू लागल्या.

"सोमवार. जामीन मिळाला नाही. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. यात पाच मिनिटे गेली. नंतर जाहिराती. जाहिरातींनंतर न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा काढला. धाकटी न्यायालयात येताना लग्नाला निघाल्यासारखी नटली होती. थोरलीच्या वकिलाने एकदाही कागद उघडला नाही. मी नापास केलेली मुले याहून बरी तयारी करून येत असत."

त्याखाली पट्टीने मारल्यासारख्या सरळ दोन रेघा होत्या.

काकू खुदकन हसल्या. तेवढ्यात ताईंनी त्यांच्या मनगटाच्या वर दोन बोटं ठेवून शिरेची थरथर पाहिली. मांजर घुरघुरावं तशी ती चालू होती. पहिली सुई गेली, मग दुसरी. काकूंनी पान उलटलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच."

"काय माणूस आहे! नुसता चष्मा मोजत बसला. थोरली रडली का नाही, ते लिहिलंच नाही."

हे रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचं डायलिसिस युनिट होतं. सहा खुर्च्या, सहा मशिनं, भिंतीवर उंच एक टीव्ही. किडनी बंद पडलेली माणसं आठवड्यातून तीनदा इथे येत, चार चार तास बसत. रक्त एका नळीतून मशीनमध्ये जाई, गाळलं जाई, दुसऱ्या नळीतून परत अंगात येई. दुपारच्या पाळीत एक तुकडी सोमवार-बुधवार-शुक्रवारची होती, दुसरी मंगळवार-गुरुवार-शनिवारची. खुर्च्या त्याच, माणसं वेगळी. एका तुकडीने दुसरीला कधी पाहिलेलं नसे.

ताई इथे चोवीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. सुरुवातीला बाटल्या धुवायला लागल्या होत्या. जुन्या मुख्य तंत्रज्ञांनी त्यांचा हात पाहिला आणि सुई हातात दिली. ते एक वाक्य सतत सांगत: लिहिलं नाही ते घडलं नाही. ताईंनी ते हाडात मुरवलं. दर अर्ध्या तासाला प्रत्येक खुर्चीचा रक्तदाब, मशीनचा दाब, रुग्ण किती पाणी प्यायला, काही होतंय का, सगळं तक्त्यावर. शेवटी एक वेटोळं आणि खाली टिंब, म्हणजे त्यांची सही. शेजारी वेळ. घरी वाण्याची यादी केली तरी त्यांचा हात खाली आपोआप सही करी. त्यावरून बस डेपोत मेकॅनिक असलेला त्यांचा नवरा म्हणे, "साखर दोन किलो, रुग्ण स्थिर."

तीन वाजता सहाही माना वर होत. त्या वेळी जी मालिका लागे तिचं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला 'तीनची' म्हणत. थोरली आणि धाकटी या दोन जावांची ती गोष्ट, आणि त्या दिवसांत थोरलीवर खटला चालू होता. ही गोष्ट मालिका फोनवर दिसू लागण्याच्या आधीची आहे. तीनची तीनलाच दिसे, आणि चुकली की चुकली. तिसरा तास हा डायलिसिसमधला वाईट तास असतो. रक्तदाब खाली येतो, पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस घड्याळाकडे बघू लागतो. ताईंनी कधी मालिका बसून पाहिली नव्हती, कारण तोच अर्धा तास त्यांना तक्ते पुरे करायला मिळे. पण मशिनं किती वेळा ओरडतात याकडे त्यांचं लक्ष होतं. तीन ते साडेतीन युनिट सगळ्यांत शांत असे. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. चालतंय ना, मग चालू द्यावं.

वही सुरू झाली ती काकूंच्या आरड्याओरड्यामुळे. काकू कपड्यांच्या एका दुकानात दुरुस्तीच्या काउंटरवर बसत. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या तिथे बाह्या आखूड करत असताना मालिकेत नेमकं काहीतरी घडून जाई, आणि दुसऱ्या दिवशी त्या ताईंना धारेवर धरत.

"तू इथंच असतेस ना? डोळे मिटून असतेस?"

तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी कंटाळून ताईंनी त्याच खुर्चीवर बसणाऱ्या मास्तरांना विचारलं, "आजच्या भागात काय झालं, ते दोन ओळींत लिहून देता का? उद्याच्या एक काकू आहेत, त्या मला जगू देत नाहीत."

मास्तर गणिताचे. चाळीस वर्षं शाळेत घालवून निवृत्त झालेले. त्यांनी मुलीच्या लहानपणी घरातला टीव्ही विकून टाकला होता, आणि मालिका म्हणजे डोक्याचा भुगा असं ते जाहीरपणे म्हणत. आता मुलीच्या घरी राहत होते. तिथे टीव्ही आला नव्हता, आणि आणा म्हणायची त्यांची छाती नव्हती. तेव्हा तेही आठवड्यातले तीनच भाग पाहू शकत, आणि तेही, त्यांच्या म्हणण्यानुसार, मान वळवता येत नाही म्हणून.

त्यांनी दोन ओळींऐवजी एक पान लिहिलं. "आजच्या भागात काहीही घडले नाही," असं ते सुरू होत होतं. मग जे काहीही घडलं नव्हतं, ते तपशीलवार सांगितलेलं होतं.

शनिवारी काकूंनी खाली उत्तर लिहिलं. तेव्हापासून मास्तर सोमवार, बुधवार, शुक्रवारचं लिहीत, काकू मंगळवार, गुरुवार, शनिवारचं. त्यांच्या तक्रारी, काकूंचं कौतुक. सहा वह्या भरल्या होत्या. ही सातवी. दोघं एकमेकांना कधीच भेटले नव्हते, एकाच खुर्चीच्या एकाच खोलगट गादीत आळीपाळीने बसत होते, एवढंच.

एकदा मास्तरांनी लिहिलं: "थोरली पाच आठवडे बेशुद्ध आहे. ओठांचा रंग मात्र ताजा. रोज कोण लावते?"

काकूंनी लिहिलं: "मास्तर, नर्स लावत असेल. चांगल्या नर्सा असतात."

थोरलीचा बुडालेला नवरा वीस वर्षांनी परत आला, तो दुसऱ्याच नटाच्या रूपात. मास्तर भडकले. "उंची दोन इंच कमी, आवाज वेगळा, नाक वेगळे. तरी बायकोस शंका येत नाही. प्रेक्षकांना हे लोक काय समजतात?"

त्यावर काकूंनी लिहिलं: "वीस वर्षांनी कोणाचा नवरा तोच राहतो? माझा तर दोन वर्षांतच बदलला होता. थोरलीने दार उघडलं तेव्हा आधी हात पुसले, मग दार उघडलं. ते पाहिलंत का? ज्याने ते सुचवलं त्याला माझा नमस्कार."

मास्तरांनी पाहिलं नव्हतं. पुढच्या पानावर त्यांनी तसं मान्य केलं, आणि तेव्हापासून ते हातांकडे पाहू लागले. काकू शिवणीकडे पाहत. दार उघडताना थोरलीच्या बाहीची शिवण उसवलेली होती आणि दार लावताना नीट होती, हे युनिटमध्ये फक्त त्यांना दिसलं.

ताईंनी मालिका पहिल्यांदा पाहिली ती दीड मिनिट, एका बुधवारी. मास्तरांनी मोकळा हात वर करून बोलावलं. "ताई, इकडे या. ही तुमच्या खात्यातली गोष्ट आहे."

पडद्यावर थोरलीच्या सासऱ्यांना डायलिसिसवर ठेवलं होतं. सगळं युनिट खवळलं होतं.

"अहो, मनगटाला नुसती नळी चिकटवलीय!" एक नंबरच्या आजी म्हणाल्या.

ताईंनी मान वर केली. "लाइन जोडलेलीच नाही," त्या म्हणाल्या. "आणि मशीन उलटं ठेवलंय. तोंड भिंतीकडे."

"मग आम्हाला पण असंच लावा की," दोन नंबरचा टॅक्सीवाला म्हणाला. "दुखायचं तरी नाही."

हशा पिकला. मशीनच्या बीपबीपमध्ये सहा जण हसत होते, आणि तीन नंबरच्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात पडद्यावर थोरली सासऱ्यांच्या उशाशी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त उद्याचा दिवस बघा. परवाचं मी बघते."

हसणं थांबलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. ताई तक्त्यांकडे परत गेल्या.

त्या दिवशी मास्तरांनी अकरा चुकांची क्रमवार यादी केली. तिच्याखाली एक ओळ होती: "तथापि थोरलीचे वाक्य बरे होते." काकूंनी 'बरे'खाली लाल पेनने रेघ मारली आणि समासात लिहिलं, "मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

काकूंची मात्र बरी नव्हती. मागच्या महिन्यात त्या लागोपाठ दोन खेपा आल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला आल्या तेव्हा पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, दोन पावलांत धाप लागत होती. डॉक्टर खुर्चीपाशी उभे राहून बोलले.

"काकू, असं केलंत तर एखाद्या दिवशी घरीच संपेल सगळं. कळतंय ना?"

"कळतंय," काकू म्हणाल्या. "तेच तर."

डॉक्टर गेल्यावर त्यांनी ताईंना सांगितलं, आवाज न चढवता, बाहीचं माप सांगावं तसं. "कंटाळले गं. मुलगा लांब, फोन करतो बिचारा. आठवड्यातले तीन दिवस इथं, तीन दिवस तोच थकवा घेऊन दुकानात, आणि रविवारी पाणी मोजण्यात. कशासाठी? थोरलीच्या केसचा निकाल लागू दे. ती सुटली की मीही सुटले. मग नाही यायची."

ताईंनी तक्त्यावर वेळ टाकली. अशी वाक्यं त्यांनी पूर्वी ऐकली होती. काही माणसं बोलतात आणि येत राहतात. काकू त्यांतल्या नव्हत्या. त्या जे कापायचं म्हणत ते कापत.

पुढे एका मंगळवारी काकूंनी हेच वहीतही लिहिलं, गमतीत लिहावं तसं: "निकाल लागला की माझी सुटी. मग हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

बुधवारी मास्तरांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला. "ताई," त्यांनी विचारलं, "या बाई गंमत करतात का?"

"नाही."

"अस्सं."

तीन ते साडेतीन ते पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी लिहायला घेतलं, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. ज्या माणसाने तीन वर्षं 'आटोपा' हा शब्द दर पानावर लिहिला होता, त्याने लिहिलं:

"बुधवार. न्यायाधीशांनी निकाल शुक्रवारी देण्याचे जाहीर केले. ही घाई मला पटत नाही. धाकटीची उलटतपासणी अपुरी आहे. विहिरीपाशी असलेल्या माळ्याला कोणी बोलावलेच नाही. नवरा खरा की खोटा याचाही निर्णय व्हायचा आहे. माझ्या मते सर्व साक्षीदार पुन्हा तपासावेत. वेळ लागला तर लागू द्यावा. मी बघायला आहे."

खाली दोन रेघा.

गुरुवारी काकूंनी ते दोनदा वाचलं. उत्तर एका ओळीचं होतं: "बरं. तुम्ही म्हणता तर तपासू देत."

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला युनिटचा फोन वाजला. मास्तरांची मुलगी होती.

"आज बाबा येणार नाहीत, हे कळवायचं होतं," ती म्हणाली. "पहाटे गेले. झोपेतच. मी चहा घेऊन गेले तर..."

ताईंनी जे बोलायचं असतं ते बोलून घेतलं. फोन ठेवण्याआधी मुलगी म्हणाली, "एक विचारू? बुधवारी रात्री जेवताना मला विचारत होते, कोर्टात साक्षीदार पुन्हा तपासता येतात का म्हणून. त्यांची कुठली केस चालू होती का हो? आम्हाला काही बोलले नाहीत."

"त्यांची नव्हती," ताई म्हणाल्या. "ओळखीच्या एका बाईंची होती."

"ते नेहमी असेच. लोकांचं ओझं उचलायचे."

"हो," ताई म्हणाल्या.

युनिटचा एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, तरी कुणी मोडला नव्हता. एका रुग्णाचं जाणं दुसऱ्या रुग्णाला सांगायचं नाही. विचारलंच तर म्हणायचं, त्यांची वेळ बदलली. खुर्चीवर दुसरी चादर घालायची, आणि यादीतला पुढचा माणूस बोलवायचा. नवा माणूस सोमवारी येणार होता. आज खुर्ची रिकामी होती.

ताईंनी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. वही उघडली. मागची वीस पानं वाचली. मास्तर वाक्य कसं सुरू करतात, कुठे चिडतात, ते पाहिलं. काकूंची गुरुवारची एक ओळही वाचली, जी आता मास्तर वाचणार नव्हते. उद्या काकू येतील, कदाचित निकाल लागलेला असेल, आणि वहीत कोरं पान असेल. मग त्या कशाला हात पुढे करतील?

तीनला दोन मिनिटं असताना त्यांनी स्टीलचं स्टूल ओढून चार नंबरच्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि त्या बसल्या.

"ताई, तुम्ही? तीनची?" सफाई करणाऱ्या मावशींचा पोछा थांबला.

"मावशी, दोन नंबरच्या मशीनवर बीपी काय येतंय ते सांगा जरा. मला काम आहे."

न्यायाधीश आले. कागद उघडला. थोरली पिंजऱ्यात उभी होती. ताईंच्या आठवणीत होती त्यापेक्षा ती वयाने मोठी दिसली. ती रडत नव्हती. दोन्ही हातांनी कठडा धरला होता, आणि डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर होती, स्वतःचीच नाडी बघावी तशी. ताईंना ते आवडलं. कुणीतरी बसून हे ठरवलं असणार. कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावर तीनतीनदा गेला, ढोल वाजले, विजा चमकल्या, न्यायाधीशांनी "हे न्यायालय" असं म्हणून घोटभर पाणी प्यायलं, आणि सहा खुर्च्यांपैकी पाच खुर्च्यांवर कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

"अरे बोल ना बाबा!" टॅक्सीवाला ओरडला. "आमचा दीडच तास राहिलाय!"

न्यायाधीशांनी तोंड उघडलं. मागून एक बाईचा आवाज आला, "थांबा!" सगळ्या माना वळल्या. आवाज कुणाचा ते दाखवलं नाही. भाग संपला.

"ह्यांच्या तर..." टॅक्सीवाल्याने वाक्य आवरलं. "दीड महिना झाला निकाल देतायत! लाज नाही यांना!"

ताईंनी मोठा श्वास सोडला. निकाल लागला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एका मालिकेबद्दल कृतज्ञता वाटली. इतरांसाठी ते पाणी घालून वाढवणं असेल. इथे एका बाईला त्यामुळे आणखी काही दिवस मिळाले होते.

मास्तरांच्या वळणाचं अक्षर काढत त्यांनी घाईने लिहिलं. पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या. तेवढ्यात एक नंबरचं मशीन ओरडलं. त्यांनी पान संपवलं, वही खणात टाकली आणि धावल्या.

शनिवारी काकू वेळेवर आल्या. वजन केलं, अडीच किलो वाढलेलं. खुर्चीत बसल्या. ताईंनी न मागता वही दिली. काकूंनी चष्मा लावला. ताईंनी बोटं शिरेवर ठेवली.

पानावर हे होतं:

"शुक्रवार. १५:०० निकालवाचन सुरू. १५:०५ न्यायाधीशांनी पाणी घेतले, अंदाजे शंभर मिली. १५:१० थोरली स्थिर. १५:१५ धाकटी अस्वस्थ, घाम. १५:२० कॅमेरा प्रत्येकावर तीनदा. १५:२७ मागून स्त्रीचा आवाज, 'थांबा'. चेहरा दाखवला नाही. निकाल पुढे. लेखकाला लाज वाटली पाहिजे."

दोन रेघा. आणि त्यांच्याखाली एक वेटोळं, एक टिंब, १५:३५.

ताईंना ते आत्ता दिसलं. काकूंच्या समोरून, उलट्या बाजूने, आणि तरी स्पष्ट. काकू वाचत राहिल्या. पान संपलं तरी त्यांची नजर खालीच होती. मग त्यांनी हळूच बोट फिरवलं, आधी रेघांवरून, मग सहीवरून.

ताईंनी सुई घातली. ती शिरेबाहेर गेली. हातावर लगेच फुगा आला. चोवीस वर्षांत असं किती वेळा झालं ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं.

"सॉरी, काकू. खूप दुखलं का?"

काकूंनी वही मिटली. एक नंबर आणि तीन नंबर इकडेच बघत होते.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "दाबून धर, आणि थोड्या वेळाने वरच्या बाजूला टोच. मी कुठं चाललेय?"

तीन वाजता त्यांनी मालिका पाहिली, एकही शेरा न मारता. पाच नंबरच्या बाई म्हणाल्या, "काकू, आज गप्पशा?" काकू म्हणाल्या, "ऐकतेय." साडेतीनला त्यांनी लाल पेन मागितलं आणि लिहायला घेतलं. साडेपाच वाजता सुया काढल्यावर दहा मिनिटं कापूस दाबून धरला, पुन्हा वजन केलं, पिशवी घेतली. दारात वळून त्यांनी फक्त मान हलवली.

युनिट रिकामं झाल्यावर ताईंनी खण उघडला.

"ताई, शंभर मिली पाणी मास्तरांना दिसलं नसतं. त्यांना चष्मा दिसला असता. खाली सही तुझी आहे, वेळेसकट. तोंडाने विचारलं नाही, कारण तुमचा नियम मला माहीत आहे. तीन वर्षांत इथं पाच जणांची वेळ बदलली.

"मास्तर कसे दिसायचे ते एकदा सांग. घाई नाही.

"आज 'थांबा' म्हणणारी बाई कोण निघाली असेल? सासूबाई! जिचा फोटो तीन वर्षं हार घालून भिंतीवर लावलाय ती. तोच काजळाचा ठिपका, तोच अंबाडा, पण पोलक्याच्या गळ्याचा काठ यांनी हाताने नाही, मशीनवर शिवलाय. फोटोत तसा नव्हता. तरी बाई आली काय झोकात! मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण सुया होत्या. न्यायाधीश म्हणाले, आता सगळे साक्षीदार पुन्हा तपासू. मास्तरांचं कुणीतरी ऐकलं म्हणायचं.

"सोमवारचं तू लिही. कोण किती पाणी प्यायलं ते नको. शिव्या घालायला शीक, कौतुकाचं मी बघते. त्या दोन रेघा मात्र मारू नकोस. त्या त्यांच्या. तुझी सही चालेल.

"मंगळवारी येते."

सोमवारी चार नंबरच्या खुर्चीवर नवा माणूस होता. पन्नाशीचा, घाबरलेला, मोकळ्या हाताने खुर्चीची कड घट्ट धरून बसलेला. तीस वर्षं चपलांच्या दुकानात विक्रेता होता, असं त्याने वजनाच्या काट्यावर उभं असतानाच सांगून टाकलं. दोन तास त्याने नळ्यांतल्या स्वतःच्या रक्तावरून डोळे काढले नाहीत. तीन वाजता ताईंनी स्टूल ओढून वही उघडली.

"हे काय लिहायचं असतं? माझं?" त्याने विचारलं.

"तुमचं वेगळं. ही चार नंबरची आहे."

सासूबाई घरात शिरल्या. सगळं घर रडलं, पाळीपाळीने, आधी मोठे मग लहान. ताई बघत होत्या, आणि रागावण्याजोगं काय आहे ते शोधत होत्या. फार शोधावं लागलं नाही.

"सोमवार. सासूबाई तीन वर्षांनी परत आल्या. इतके दिवस कुठे होतात, हे घरातल्या एकानेही विचारले नाही. सगळे रडण्यात गुंतले होते. इतक्या रडण्याने माणसाचा दाब खाली येतो, हे लेखकाला कोणीतरी सांगायला हवे."

"ताई," नवा माणूस म्हणाला. त्याची नजर आता पडद्यावर होती आणि खुर्चीच्या कडेवरचा हात सैल झाला होता. "तिच्या चपला बघितल्या का? अंगणात होती तेव्हा बंदाच्या. उंबऱ्यात आली तर अंगठ्याच्या. आजीबाईंनी बदलल्या कधी?"

ताईंनी वर पाहिलं. खरंच होतं. त्यांनी तेही लिहिलं.

भाग संपला. मावशी दोन नंबरचं बीपी सांगत होत्या, ते त्यांनी तक्त्यावर घेतलं. मग वहीकडे वळून शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मावतील एवढी जागा मोजून कोरी सोडली, आणि त्याच्या खाली सही केली. शेजारी लिहिलं, १५:३४.